सेंटर-लॉक चाकाची हवा वारंवार जाते: कारण कसं शोधायचं, चाक कसं उतरवायचं, परत कसं बसवायचं

पंक्चर ते पंक्चरच, मग गाडी कोणतीही असो. रस्त्यावरचा खिळा गाडीची किंमत बघून शिरत नाही. फरक पडतो तो चाक उतरवताना. साध्या गाडीला चार-पाच नट असतात आणि नागपुरात वर्धा रोडवरचा कुठलाही पंक्चरवाला ते डोळे मिटून खोलतो. पोर्शे ९११ जीटी३, ९११ टर्बो एस किंवा लॅम्बोर्गिनी हुराकान एसटीओ अशा गाड्यांना चाकाच्या मधोमध एकच मोठा नट असतो, यालाच सेंटर-लॉक म्हणतात. तो चुकीच्या पान्याने खोलला तर नट खराब होतो. चुकीचा बसवला तर चाकच निखळून जाऊ शकतं. त्यामुळे हवा वारंवार जात असेल तर पहिला नियम असा की कारण कळल्याशिवाय चाक उतरवायचं नाही. बहुतेक वेळा कारण चाक गाडीवर असतानाच सापडतं.

आधी चार दिवस नुसतं मोजा

डॅशबोर्डवर हवेचा इशारा आला म्हणजे पंक्चर झालंच असं नाही. नागपुरात तर मुळीच नाही. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे १२च्या आसपास उतरतो. दुपारी ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर पहाटे १२ अंशांना साधारण ३० पीएसआय दाखवतो. एक थेंब हवा न जाता तीन पीएसआय कमी. दिवाळीनंतर एका आठवड्यात चारही चाकांचा इशारा येऊ लागला तर तो थंडीचा परिणाम आहे. एकाच चाकाचा येत असेल तर तिथे गळती आहे.

म्हणून रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, त्याच गेजने चारही चाकांची हवा मोजून लिहून ठेवा. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर विसंबू नका, स्वतःचं डिजिटल गेज ठेवा. महिन्याला एक-दोन पीएसआय प्रत्येक टायर सोडतोच. एका चाकात रोज अर्धा-एक पीएसआय कमी होत असेल तर बहुधा बारीक खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड. उभ्या गाडीत हवा टिकते आणि लांबच्या प्रवासानंतरच कमी होते, असं असेल तर रिमच्या आतल्या बाजूला तडा आहे का ते पाहा. तडा जोर पडल्यावर उघडतो आणि गाडी थांबली की मिटतो.

नायट्रोजन भरला म्हणून हवा जाणं थांबत नाही आणि तापमानाचा परिणामही टळत नाही. तो कोरडा असतो, रिमच्या आत ओल येत नाही, एवढाच त्याचा खरा फायदा.

साबणाचं पाणी

भांडी घासायचा द्रव साबण पाण्यात थोडा पातळ करून स्प्रेच्या बाटलीत भरा. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच पीएसआय जास्त हवा भरा, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच. मग या क्रमाने फवारा: व्हॉल्व्हचं तोंड, व्हॉल्व्हचं बूड, टायर आणि रिम जिथे मिळतात ती बाहेरची कड, मग ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग एका टोकाला वळवून आतली कडही दिसते. मागच्या चाकाची आतली कड पाहायला गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. प्रत्येक जागी किमान अर्धा मिनिट थांबा. संथ गळतीचा फेस साबुदाण्यासारखा बारीक येतो आणि घाईत निसटतो.

व्हॉल्व्हकडे विशेष लक्ष द्या, कारण वारंवारच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. या गाड्यांच्या व्हॉल्व्हला हवेचा दाब सांगणारा सेन्सर जोडलेला असतो आणि दांडी ॲल्युमिनियमची असते. त्यात निकेलचा मुलामा असलेलाच कोअर, म्हणजे आतला हवा अडवणारा छोटा भाग, लागतो. गल्लीतल्या दुकानात सवयीने साधा पितळी कोअर बसवतात. पितळ आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना खातात, कोअर आत जाम होतो आणि तो काढताना दांडीच तुटते. धातूची टोपीही याच कारणाने नको, प्लास्टिकची लावा. सेन्सरच्या बुडाशी रबरी वॉशर असतो. आपल्याकडच्या उन्हाने तो कडक होतो, म्हणून टायर बदलताना दर वेळी नवा घाला. किंमत किरकोळ आहे, पण तो जुना ठेवला तर नट पुन्हा खोलण्याची वेळ येते.

ट्रेडमध्ये काय सापडतं, याचा अंदाज रस्ता देतो. शहरात सिमेंट रोडची आणि उड्डाणपुलांची कामं जिथे चालू असतात तिथे सेंटरिंगचे खिळे आणि सळया बांधायची तार. समृद्धी महामार्गावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारा. मऊ रबराचे ट्रॅकवरचे टायर रस्त्यावरची प्रत्येक वस्तू उचलतात आणि त्यांचा ट्रेड मुळात उथळ असतो, त्यामुळे साध्या टायरला न लागणारी तारही त्यांच्या आरपार जाते.

रिमला बाक आला असेल तर तोही पाहा. सिमेंट रोड जिथे डांबरी रस्त्याला मिळतो तिथे बरेचदा उभी पायरी राहते. ३० किंवा ३५ प्रोफाइलच्या, म्हणजे बुटक्या भिंतीच्या, टायरमध्ये तो धक्का झेलायला रबर उरतच नाही, तो सरळ रिमच्या आतल्या कडेला बसतो. या रिमा बहुतेक फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, ॲल्युमिनियमच्या असतात. बाक काढायला त्यांना गॅसने तापवणं किंवा तडा वेल्डिंगने भरणं म्हणजे धातूची ताकद घालवणं. तडा गेलेली रिम बदलायची. यावर आमचं दुसरं मत नाही.

रस्त्यात हवा गेली तर

या गाड्यांत स्टेपनी नसते. पुढच्या डिकीत सीलंटची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. ही बाटली कामाची आहे, पण तिच्या मर्यादा माहीत हव्यात. छिद्र ट्रेडमध्ये असेल आणि साधारण ४ मिलिमीटरपर्यंत असेल तरच ती चालते. बाजूची भिंत फाटली असेल, फुगा आला असेल किंवा टायर रिमवरून सुटला असेल तर बाटली वाया घालवू नका.

खिळा काढायचा नाही. बाटली नीट हलवून सीलंट भरा, मग हवा भरा. साधारण दहा मिनिटं हळू चालवून थांबा आणि दाब बघा. दीड बारच्या, म्हणजे २२ पीएसआयच्या खाली गेला असेल तर गाडी पुढे न्यायची नाही. टिकला असेल तर वेग ताशी ८० किलोमीटरच्या आत. समृद्धीवर बाकीची वाहनं १२० ने जात असतात, त्यामुळे डाव्या लेनमधून पहिल्या इंटरचेंजला बाहेर पडा. हवा भरायला मुख्य मार्गिकेच्या कडेला थांबण्याची वेळ आलीच तर गाडीतली माणसं आधी रेलिंगच्या पलीकडे. कॉम्प्रेसर त्यावर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. उन्हाळ्यात तो लवकर तापतो आणि जळतो. बाटलीवरची मुदत वर्षातून एकदा तपासा. मुदत संपलेलं सीलंट घट्ट होतं आणि ऐन वेळी नळीतच अडकतं.

हवा पूर्ण गेलेल्या टायरवर गाडी थोडीशीही चालवली तर टायरची भिंत आतून दळली जाते. टायर उतरवल्यावर आत काळी भुकटी दिसली तर तो टायर संपला. छिद्र कितीही बारीक असलं तरी त्याची दुरुस्ती होत नाही.

गाडी न्यायची तर फ्लॅटबेडवरच. पुढची चाकं उचलून ओढणारी क्रेन नको. पुढचा स्प्लिटर, म्हणजे बंपरखालची पट्टी, इतका खाली असतो की रॅम्पखाली दोन लाकडी फळ्या टाकाव्या लागतात, फ्लॅटबेड बोलावताना तेही सांगा. पट्टे चाकांवरून घ्यायला लावा, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही.

रस्त्याच्या कडेला, गाडीतल्या जॅकवर सेंटर-लॉकचा नट खोलायचा नाही. कारण साधं गणित आहे.

६०० न्यूटन-मीटर म्हणजे किती

पोर्शे ९११च्या ९९१ आणि ९९२ पिढ्यांच्या सेंटर-लॉक चाकांना ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो. त्याआधीच्या ९९७ पिढीच्या जीटी३ला सुरुवातीला यापेक्षा कमी आकडा होता. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा घ्या, दुसऱ्याच्या गाडीचा नको. साध्या कारच्या नटाला १०० ते १४० लागतात, हे लक्षात घेतलं की फरक कळतो. ६०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकावर सुमारे ६१ किलोचा भार. एक मोठा माणूस दांडीवर उभा राहिला तेवढा. एका जॅकवर तोललेल्या गाडीला तेवढा हिसका दिला तर गाडी जॅकवरून उतरते.

त्यातच नट कसायचा तो चाक अधांतरी असताना, आणि दुसऱ्या माणसाने ब्रेक पेडल घट्ट दाबून चाक अडवलेलं असताना. चाक जमिनीवर टेकवून कसलं तर गाडीच्या वजनाने चाक किंचित तिरपं बसतं. नटाचा शंकू, म्हणजे त्याचा निमुळता भाग, आपल्या जागी पूर्ण बसत नाही आणि टॉर्क पाना मात्र खोटाच ‘टिक’ वाजवतो. हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका. तो पुढची चाकं धरत नाही आणि मागच्यांनाही या जोरापुढे पुरत नाही. म्हणजे हवी ती दोन खांबांची लिफ्ट, गाडी जमिनीपासून जेमतेम चार बोटं उचललेली, आत ब्रेकवर एक माणूस आणि बाहेर पाना धरणारा एक.

अवजारांत तडजोड नको

गाडीसोबत आलेलं खास सॉकेट डिकीत आहे का, ते आज पाहा. पोर्शेच्या नटात स्प्रिंगवर चालणारं कुलूप असतं. सॉकेट पूर्ण आत गेलं की ते दाबलं जातं आणि नट मोकळा होतो. दुसऱ्या कुठल्या सॉकेटने हे होत नाही. सोबत ६०० च्या वर मोजणारा, पाऊण इंची ड्राइव्हचा टॉर्क पाना हवा. टायरच्या दुकानांत असतो तो अर्धा इंची पाना बहुधा ३०० च्या आसपास संपतो. खोलायला वेगळी लांब दांडी वापरा. टॉर्क पान्याने खोललं की त्याचं माप बिघडतं.

वाडी किंवा कापसीच्या ट्रकच्या टायरवाल्यांकडे एक इंची इम्पॅक्ट गन असते. ती सेंटर-लॉकचा नट क्षणात खोलेल, हे खरं आहे. तरीही नाही म्हणा. नट ॲल्युमिनियमचा, त्यावर रंगीत ॲनोडायझिंग. गनचे ठोके त्याचे दात चेपतात आणि सॉकेट जरा तिरपं असलं की एका झटक्यात कडा उडतात. गनने कसणं तर त्याहून वाईट, कारण किती टॉर्क लागला हे कोणालाच कळत नाही.

ताकद कमी पडते म्हणून काही जण टॉर्क मल्टिप्लायर, म्हणजे हाताचा जोर कित्येक पट वाढवणारी गिअरपेटी, घेतात. चारपट मल्टिप्लायरला पान्याकडून साधारण १५० न्यूटन-मीटर, घर्षणामुळे थोडे जास्त, द्यावे लागतात, म्हणजे काम सोपं होतं. अडचण त्याच्या टेकूची असते. ट्रकच्या चाकात तो शेजारच्या नटावर टेकतो. इथे शेजारी नटच नाही. तो टेकू चाकाच्या स्पोकवर कधीही द्यायचा नाही, स्पोक वाकतो किंवा चिरतो. तो जमिनीवर किंवा पक्क्या स्टँडवर घ्यावा लागतो. तशी सोय नसेल तर लांब दांडीचा पानाच बरा.

उतरवणं

नट कोणत्या बाजूला फिरवून सुटतो, ते पुस्तकात आणि नटावरच्या खुणेत पाहा. एकच नियम सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. जुन्या, तारांच्या चाकांच्या गाड्यांमध्ये उजव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असत, म्हणजे चाक फिरताना नट आणखी घट्ट होई. विंटेज गाड्यांवर काम केलेल्या हाताला ती सवय असते आणि मग नव्या गाडीवरही तो उलट्या दिशेने जोर लावतो. लाल आणि निळे नट असतील तर गाडीच्या एका बाजूचा नट दुसऱ्या बाजूला लावू नका.

सॉकेट पूर्ण आत गेल्याची खात्री करून, एका हाताने ते चाकाच्या दिशेने दाबून धरा आणि दांडीवर सलग जोर द्या, हिसके नकोत. सुटला नाही तर दांडी लांब करा. हातोडा किंवा गॅस नाही. नट निघाला की चाक सरळ बाहेर ओढा. ब्रेकची डिस्क सिरॅमिकची असेल तर दोघांनी धरा, कारण रिमची कड डिस्कला लागली तर डिस्कचा कपचा उडतो आणि त्याची किंमत चारही टायरांच्या वर जाते. हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या, आट्यांवर स्वच्छ कापड गुंडाळून ठेवा.

टायरच्या दुकानात

ट्रेडच्या मधल्या भागात ६ मिलिमीटरपर्यंतचं छिद्र असेल तर आतून मशरूम पॅच, म्हणजे छिद्रात दांडी आणि आत ठिगळ असा एकत्र तुकडा, लावता येतो. बाहेरून घुसवायची पट्टी या वेगाच्या टायरला कायमचा उपाय नाही, घरी पोचण्यापुरतीच ठीक. खांद्याजवळ किंवा भिंतीत छिद्र असेल तर टायर बदला. आधी सीलंट वापरलं असेल तर ते आतून पुसून काढायला सांगा, सेन्सरचं तोंडही साफ करा. ट्रॅकवर जायचं असेल तर दुरुस्त केलेला टायर नकोच, भले दुरुस्ती कितीही चांगली झालेली असो.

बॅलन्सिंग हा वारंवार फसणारा भाग आहे. या चाकाचं मधलं भोक मोठं असतं आणि मशीनचा नेहमीचा शंकू त्यात नीट मध्यावर बसत नाही. सेंटर-लॉकसाठीचा ॲडॉप्टर लागतो. तो आहे की नाही, हे तोंडी विचारून पुरत नाही, तपासून घ्या. चाक बॅलन्स झाल्यावर ते सैल करून १८० अंश फिरवून पुन्हा बसवा आणि मशीन परत चालवा. आकडा पाच ग्रॅमहून जास्त बदलला तर चाक मध्यावर बसलेलं नव्हतं आणि वजनं चुकीच्या जागी लागली आहेत. ताशी शंभरच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं ते बहुतेक यामुळे, आणि मग दोष विनाकारण नटाला लावला जातो.

बसवणं

जुनी पेस्ट आणि ब्रेकची धूळ पुसून हब, ड्राइव्ह पिना (चाक ज्यांवर अडकून फिरतं त्या हबवरच्या पिना) आणि चाकाची मागची बाजू स्वच्छ करा. नटाचे आटे आणि शंकूचा भाग, यांवर पुस्तकात सांगितलेली ॲल्युमिनियम पेस्ट पातळ लावा. पोर्शेसाठी ती ऑप्टिमोली टीए. साधं ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट चालेल असं कोणी म्हटलं तरी वापरू नका. कोणत्याही नटाला दिलेल्या टॉर्कपैकी साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो, चाक दाबून धरायला उरतो तो दहा टक्के. पेस्ट बदलली की घर्षण बदलतं. मग पाना ६०० दाखवतो, पण चाकावरची पकड वेगळीच असते. आटे कोरडे राहिले तर ते एकमेकांना चिकटून उपटतात आणि पुढच्या वेळी नट हबचे आटे घेऊनच बाहेर येतो.

चाक पिनांवर बरोबर बसवा. नट हाताने किमान तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. अडला तर काढा, पुसा, पुन्हा लावा. आता ब्रेक दाबायला सांगा आणि ६०० पर्यंत कसा. मग ६० अंश, म्हणजे एक षष्ठांश फेरा, मागे सैल करा. परत ६०० पर्यंत कसा. मधलं सैल करणं कोणी वेळ वाचवायला गाळतं. पहिल्या कसण्यात शंकू जागेवर बसतो आणि पेस्ट पसरते. दुसऱ्या कसण्यातच खरी पकड मिळते.

सॉकेट काढल्यावर मधलं कुलूप बाहेर आलं आहे का, ते डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. आलं नसेल तर नट मागे फिरवू नका, कसण्याच्या दिशेने थोडा पुढे न्या, दात जुळले की ते बाहेर उडी मारतं. तरी येत नसेल तर आत माती किंवा सुकलेली पेस्ट अडकली आहे. नट काढून साफ करा. कुलूप आत राहिलेली गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही.

नंतरच्या तक्रारी

रिव्हर्स घेताना किंवा ब्रेक दाबताना चाकातून एकच ‘टक’ ऐकू आली तर बहुधा ड्राइव्ह पिनांभोवती घाण आहे किंवा पिनांची झीज झाली आहे. नट आणखी कसून तो आवाज जात नाही. चाक उतरवून पिना पाहाव्या लागतात. हवेचा इशारा दुरुस्तीनंतरही जात नसेल तर मेनूमध्ये टायरचा प्रकार पुन्हा निवडा आणि थोडा वेळ गाडी चालवा. उभ्या गाडीत सेन्सर नव्याने ओळखले जात नाहीत. आणि पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा थांबून चारही कुलपांवर नजर टाका, शंभर टक्के जागेवर दिसली पाहिजेत.